जरा इस्कटून सांगा

सुरुवात छातीपासून झाली. रात्री 3 वाजता जाग यायची आणि आत असा खडखडाट, की बेअरिंग गेलेली मोटर बरी. शिवाजी उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. आवाज ऐकून बिघाड सांगणं हा आमचा धंदा, पण स्वतःच्याच आवाजाचं काही कळेना. ईसीजी काढला. तिथूनच बायकोला फोन लावला, "काळजी करू नको, ईसीजी एकदम सरळ आलाय." डॉक्टर टेबलापलीकडून म्हणाले, "सरळ आला असता तर हा फोन मला लावायला लागला असता." मग त्यांनी रिपोर्टची घडी घातली. "मशीन ठीक आहे. ऑपरेटरनं कुणाशी तरी बोलायला पाहिजे."

आता कोल्हापूरच्या माणसाला 'बोल' म्हणून सांगायचं म्हणजे भर पावसात पंचगंगेला 'वाहा' म्हणून सांगायचं. सकाळी चहाच्या गाड्यावर मी तासभर बोलतो, शॉपमध्ये दिवसभर बोलतो, रात्री रंकाळ्यावर फिरायला गेलो की फिरणं राहतं बाजूला. सल्ल्याचीही इथं कधी टंचाई पडलेली नाही. झोप लागत नाही म्हटल्यावर एकानं गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला सांगितलं, दुसऱ्यानं जोतिबाचा डोंगर चढायला, तिसऱ्यानं तालमीत जाऊन जोर मारायला. तिन्ही केलं. रात्री 3 ला जाग आली ती आलीच, वर मांड्या भरून आल्या होत्या आणि पोटात दूध गुरगुरत होतं.

"मी तर म्हणतो, त्या काउन्सेलर बाईंकडं जाऊन याच," बायको म्हणाली. (आमच्याकडं बायकाही 'म्हणतो', 'जातो' करतात. पुण्याच्या वाचकांनी गोंधळू नये.) "फक्त कुणाला सांगू नका." संध्याकाळी मेहुणीचा फोन. "दाजी, जाणार हाय म्हणं तुम्ही?"

पत्ता राजारामपुरीतला. कितवी गल्ली ते सांगत नाही. तळमजल्यावर बेकरी, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि दुसऱ्यावर ती पाटी. स्कूटर दोन गल्ल्या अलीकडं लावली, कारण तिच्या मागं 'आबांचा आशीर्वाद' असं रंगवलेलं आहे आणि ती निम्म्या शहराला पाठ आहे. तरी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पेठेतला दोस्त गाठ पडलाच. "काय मर्दा, हिकडं कुठं?" माझा हात आपोआप गालावर गेला. "दाढ," मी म्हणालो. त्यानं तिथंच पाच मिनिटं लवंगेचं महत्त्व सांगितलं. चौथ्या दिवशी चहाच्या गाड्यावरचा पोऱ्या मला विचारत होता, "दाढ काढली का ठेवली?"

फी आधी फोनवरच कळली होती. 50 मिनिटांचे हजार रुपये. यायचं नसेल तर 24 तास आधी कळवायचं, नाहीतर पूर्ण पैसे. उशिरा आलात तरी वेळ तेव्हाच संपणार. 'आलोच, पाच मिनिटांत' या एका वाक्यावर ज्याचा बारा वर्षं धंदा चाललाय त्याला हा नियम म्हणजे घाव होता. जिना चढता चढता हिशेब केला. मिनिटाला 20 रुपये. म्हणजे तासाला बाराशे. आमच्या व्हीएमसीला, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनला, एवढा दर मिळत नाही, आणि ते निदान लोखंड तरी कापतं. मेडिक्लेममध्ये बसतं का तेही एजंटाला विचारून ठेवलं होतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलंय, की मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवा. माझी पॉलिसी तापा-खोकल्याच्या तपासणीला एक रुपया देत नाही. तिनं समानता तंतोतंत पाळली.

आत आडवं पडायला कोच असेल या समजुतीनं मी नवीन मोजे घालून गेलो होतो. कोच नव्हता. दोन साध्या खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलावर टिश्यूचा डबा, बरोबर माझ्या हाताच्या टप्प्यात. त्या डब्याकडं बघून मला जरा राग आला. आमच्याकडं डोळ्यात पाणी येतं ते तांबड्या रश्शानं. घड्याळ माझ्या डोक्यामागं टांगलेलं, म्हणजे वेळ फक्त बाईंना दिसणार. रिक्षाचा मीटर ड्रायव्हरनं स्वतःकडं वळवून ठेवावा तसं.

भिंतीवरच्या पदव्या मी उठून वाचल्या. बाईंना राग आला नाही. उलट म्हणाल्या, "विचारलंच पाहिजे. काउन्सेलर अशी पाटी करिअरवालाही लावतो आणि लग्न जुळवणाराही." कुठं शिकल्या, कुणाच्या हाताखाली काम केलं, सगळं सांगितलं. नवीन ऑपरेटर ठेवताना मी यापेक्षा कमी विचारतो.

मग मी कामाचं बोललो. "मॅडम, एखादी झोपेची गोळी लिहून द्या. म्हणजे तुम्हालाही ताप नाही." गोळी देणं त्यांचं काम नव्हे म्हणे. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते एम.डी. झालेले डॉक्टर. तशी गरज वाटली तर बाई तिकडं पाठवणार, आणि तरी इथलं बोलणं चालू राहणार. म्हणजे इथं नुसतं बोलणंच. मी मनातल्या मनात 20 रुपये वजा केले.

फॉर्म दिला. पीएचक्यू-9 असं त्याचं नाव, नैराश्य मोजायचे नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. भूक मंदावली का, हा प्रश्न अवघड गेला. आमच्या घरी पांढऱ्या रश्शाची तिसरी वाटी नको म्हटलं तर आई थर्मामीटर आणते. त्या हिशेबानं 'काही दिवस'. मरून जावं असं वाटतं का, याच्यापुढं 'अजिबात नाही' अशी खूण केली होती, तरी बाईंनी पेन खाली ठेवून तोच प्रश्न तोंडानं परत विचारला, नीट डोळ्यात बघून. एवढा एक प्रश्न मी चेष्टेवारी नेला नाही. तरी त्यांनी एका चिठ्ठीवर 14416 लिहून दिला. टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन, फुकट, रात्री 3 लाही कुणीतरी उचलतं.

मार्क 27 पैकी 11 पडले. शाळेच्या सवयीनं मी म्हणालो, "पस्तीस टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे पास." बाई म्हणाल्या, यात जितके कमी तितके बरे. दहा ते चौदा म्हणजे मध्यम. आयुष्यात पहिल्यांदा कमी अभ्यास करून यायला पाहिजे होतं.

खरा धक्का पुढं बसला. गुप्ततेचा कागद. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही. अपवाद म्हणजे माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असला तर, किंवा कोर्टानं मागितलं तर.

"बायकोला सांगणार?"

"नाही."

"तिनं फोन करून विचारलं तर?"

"तुम्ही इथं येता का, हेसुद्धा सांगणार नाही."

"आणि रंकाळ्यावर गाठ पडली तर?"

"मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर हसेन."

कानावर आलेली गोष्ट पोटात ठेवणारा माणूस मी या गावात प्रथमच बघत होतो. सही केली.

"हं, बोला," बाई म्हणाल्या, आणि दिवसभर बडबडणारा मी गप्प. शेवटी म्हणालो, "तसं काही नाही ओ. जरा टेन्शन." बाई पेन टेकवून म्हणाल्या, "जरा इस्कटून सांगा." त्या मूळच्या कागलच्या निघाल्या. त्या एका शब्दावर माझे निम्मे पैसे वसूल झाले.

पहिल्या दोन बैठकांत मी जे काही रंगवलंय! चेक आज देतो, उद्या देतो करणाऱ्या पार्ट्यांच्या नकला केल्या, पोरगा पुण्याला नोकरी शोधतोय त्याच्यावर विनोद केले. बाई हसल्या. मला वाटलं, बाईंना बरं वाटतंय. सल्ला मात्र एकही नाही. मीच विचारलं, "मग मी करू काय?" तर म्हणे, "तुम्हाला काय वाटतं?" हजार रुपये देऊन उत्तर पण मीच द्यायचं!

गृहपाठ मिळाला. वहीत तीन रकाने: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं. मी शॉपमधल्या कोऱ्या जॉब कार्डांवर लिहिलं. 'दुपारी 4. पार्टीचा फोन, पेमेंट पुढच्या महिन्यात. मनात: बुडालो. अंगात: धडधड.' दुसऱ्या कार्डावर 'मनात: शिवी दिली' असं होतं. बाई म्हणाल्या, शिवी हा विचार नाही, शिवीच्या आधी काय आलं ते लिहा. शिवीच्या आधी काही येतं हे मला पन्नास वर्षांत माहीत नव्हतं. एक कार्ड चुकून जॉबबरोबर फाउंड्रीत गेलं. तिथल्या सुपरवायझरचा फोन आला, "मालक, ह्या 'धडधड'ला टॉलरन्स किती धरू, मापात किती इकडंतिकडं चालंल?"

तिसऱ्या बैठकीला माझा ठेवणीतला किस्सा काढला. आबांची जुनी लेथ भंगारात दिली तेव्हाचा. नव्या, संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनला जागा पाहिजे होती. भंगारवाले सकाळी काटा घेऊन आले, तर आबांनी त्या दिवशीही उठून लेथच्या बेडला तेल घातलेलं! किलोवर जाणाऱ्या मशीनला तेल! वर भंगारवाल्यांना म्हणतात, "सावकाश उचला, जॉब बिघडंल." हा किस्सा मी लग्नात, बारशात, कुठंही सांगतो. हमखास हशा.

बाई हसल्या नाहीत. "त्या दिवशी हसला होता का?"

मी तोंड उघडलं, मिटलं. खाली बेकरीत पाव कापायचं मशीन चालू होतं, ते ऐकत बसलो. आबा त्याच वर्षी गेले, हे किस्सा सांगताना मी कधीच सांगत नाही. किती मिनिटं गेली कुणास ठाऊक, घड्याळ मागं होतं. त्या वेळी मिनिटाला किती पडले याचा हिशेब मी केलेला नाही. डब्यातले टिश्यू फार पातळ निघाले, तीन लागले. बाईंनी तेव्हा एवढंच म्हटलं, "पुढच्या बुधवारी इथूनच सुरू करू."

जाग अजून येते. पण आता आठवड्यातून दोनदा, आणि आली तरी बेअरिंगचा आवाज नसतो, नुसतं मशीन चालू असल्यासारखं वाटतं.

आता ऐका गंमत. सहाव्या बैठकीच्या आदल्या दिवशी माझी दाढ खरंच दुखायला लागली. त्याच जिन्यावरून पहिल्या मजल्यावर गेलो, तासभर तोंड उघडून बसलो, सुजलेला गाल हातानं धरून खाली उतरलो, तर बेकरीपाशी तोच दोस्त.

"दाढ," मी कसंबसं म्हणालो.

"व्हय, व्हय, दाढ." तो डोळा मारून हसला. "दर बुधवारी दाढ दुखत्या व्हय रं? दुसऱ्या मजल्यावर काय हाय ते म्हाईत हाय आम्हास्नी."

"आईशप्पथ दाढ हाय. आज मंगळवार हाय मर्दा!" कापसाचा बोळा दाखवला, औषधाची चिठ्ठी दाखवली. पटेना.

मग त्यानं मागंपुढं बघितलं, मला खांद्याला धरून खाऱ्या बिस्किटांच्या बरण्यांमागं नेलं आणि आवाज उतरवून विचारलं, "आदी फोन करायला लागतोय, का तसंच जायाचं?"