पायावर पाय म्हणजे क्रुसेड नव्हे

इंग्लंडमधल्या एखाद्या गावातलं जुनं चर्च. आत थडग्यावर दगडी सरदार उताणा निजलेला, अंगात कड्यांचं चिलखत, पायावर पाय. असा फोटो आला की खालचा मजकूर ठरलेला: पाय घोट्याशी ओलांडलेले तर एक क्रुसेड, म्हणजे पॅलेस्टाइनवरची ख्रिस्ती धर्मयुद्धाची स्वारी, गुडघ्याशी तर दोन, मांडीशी तर तीन. शिवाय ‘हा टेम्प्लर, म्हणजे लढवय्या साधूंच्या पंथातला, होता’ हे फुकट. पुतळ्यातल्या घोड्याचा कोणता पाय हवेत, यावरून स्वाराचं मरण सांगणाऱ्या फॉरवर्डचंच हे विलायती भावंड.

आधी सनावळी. पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचं ॲकर हे क्रुसेडवाल्यांचं शेवटचं मोठं ठाणं १२९१ मध्ये पडलं. इंग्लंडचा राजा दुसऱ्या एडवर्डचा मुलगा, एल्थमचा जॉन, जन्मलाच १३१६ मध्ये आणि १३३६ मध्ये स्कॉटलंडात पर्थला वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या त्याच्या प्रतिमेचे पाय मात्र ऐटीत ओलांडलेले. हा कोणत्या क्रुसेडला गेला म्हणायचं?

उलटा दाखलाही आहे. बाराव्या-तेराव्या शतकातला इंग्रज सरदार विल्यम मार्शल खरोखरच पॅलेस्टाइनला जाऊन आला होता. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याची मानली जाणारी प्रतिमा सरळ पायांची. त्याचा मुलगा गिल्बर्ट क्रुसेडची शपथ घेऊन बसला, पण निघण्याआधीच १२४१ मध्ये सरदारांच्या हौशी घोडेस्वारी लढतीत (टूर्नामेंटमध्ये) मेला. त्याची म्हणून दाखवतात तिचे पाय ओलांडलेले! म्हणजे वारी बापाची, तिढा पोराच्या पायाला.

टेम्प्लरचं तर सोडाच. ते व्रतस्थ, घराण्याची ढाल आणि शेजारी बायको मिरवत ते कशाला निजतील? शिवाय तो पंथ १३१२ मध्येच बरखास्त झाला.

क्रुसेडला गेलेल्या एखाद्याचे पाय ओलांडलेले सापडतातच, राजा तिसऱ्या हेन्रीचा मुलगा एडमंड क्राउचबॅक बघा. पण तेव्हा फॅशनच ती होती, साधारण तेराव्या शतकाच्या मध्यापासून शंभरेक वर्षं. का, ते ऑक्सफर्डशरमधल्या डॉर्चेस्टरच्या चर्चमध्ये उभं राहिलं की कळतं. तिथला सरदार मेल्यासारखा पडलेलाच नाही. खांदा वळलेला, हात तलवारीच्या मुठीवर, पायांच्या तिढ्यामुळे चिलखतावरच्या झग्याला चुण्या पडलेल्या. शिल्पकाराला जिवंतपणा हवा होता, त्याने तो पायांतून आणला. पुढे पत्र्याची ताठ चिलखतं आली आणि सरदार हात जोडून, पाय सरळ करून निजू लागले.