पेशंटला सोडून सगळ्यांना माहीत असतं

बरीच वर्षं झाली मिरजेत मेडिकल चालवतोय. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, कर्नाटकातनं पण पेशंट येतात, त्यामुळे कॅन्सरच्या गोळ्या दुकानातनं रोज जातात. आणि एक प्रकार ठरलेला. मुलगा नाहीतर जावई काउंटरवर येतो, चिठ्ठी सरकवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "दादा, बिलावर नाव नको, आईला माहीत नाही." आता बिलावर औषधाचं नाव टाकावंच लागतं, तर मग म्हणतो बिल वेगळ्या पाकिटात द्या. एकानं तर टॅमोक्सिफेनच्या (ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी) स्ट्रिपवर मागनं कागद चिकटवून मागितला, कारण नातू आठवीत आहे आणि तो नाव टाकून गुगल करतो. मी नाही म्हटलं, बॅच नंबर आणि एक्सपायरी झाकून औषध देता येत नाही. आईला काय सांगितलंय विचारलं तर म्हणे "हार्मोनची गोळी". आणि गंमत बघा, हे खोटं पण नाही, ती गोळी हार्मोनवरच काम करते! घरी बसून किती डोकं लावलं असेल या लोकांनी.

का सांगत नाही म्हणून विचारलं की उत्तर तयार असतं: आपल्यात नाही सांगत, ते फॉरेनमध्ये, आपली संस्कृती वेगळी. डॉक्टर लोकांच्या भाषणात हेच जरा भारी शब्दांत ऐकायला मिळतं, आशियाई समाज कुटुंबप्रधान, व्यक्तिस्वातंत्र्य ही पाश्चात्त्य कल्पना वगैरे.

यातलं अर्धं मला पटतं. वॉर्डाबाहेर चटई टाकून कोण झोपतं, रक्ताच्या पिशवीसाठी रात्री कोण पळतं, सोनं कोण गहाण ठेवतं? घरचेच ना. मग घरच्यांना बाजूला काढून डॉक्टर आणि पेशंट दोघांनीच ठरवायचं हे आपल्याकडे चालणार नाही आणि चालू पण नये. पण घरच्यांनी सोबत असणं वेगळं आणि ज्याचा जीव चाललाय त्यालाच सोडून बाकी सगळ्यांनी ठरवणं वेगळं. ही दुसरी गोष्ट परंपरेच्या नावावर खपवतात, त्याला माझा विरोध आहे.

कारण परंपरा जरा उघडून बघा की. २०२२ मध्ये मेडिकल कॉलेजात डॉक्टरकीची शपथ हिप्पोक्रॅटिसची घ्यायची की चरकाची यावर केवढा दंगा झाला, टीव्हीवर दोन्ही बाजू घसा फोडून भांडल्या, चरकसंहितेत, आयुर्वेदाच्या त्या जुन्या ग्रंथात, काय लिहिलंय ते किती जणांनी वाचलं देव जाणे. त्यातल्या विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात गुरू शिष्याला नियम सांगतो. त्यात आहे की पेशंटचं आयुष्य थोडं उरलंय हे कळलं तरी, जिथं सांगितल्यानं पेशंटला किंवा दुसऱ्याला अपाय होईल तिथं सांगू नकोस. म्हणजे न सांगण्याला आधार आहे, मी नाही म्हणत नाही. पण ती "जिथं" वाली अट सगळे गाळतात. ते वैद्यानं त्या माणसाला बघून ठरवायचं आहे, मोठ्या मुलानं पार्किंगमध्ये डॉक्टरला गाठून आधीच सेटिंग करायचं नाही. आणि त्याच उपदेशात राजाचा द्वेष करणाऱ्याला औषध देऊ नको असंही आहे, नवरा किंवा पालक हजर नसेल तर बाईला औषध देऊ नको असंही आहे. ते आपण सोडलंच ना? मग निवड आपणच करतोय, चरकाच्या खांद्यावर बंदूक कशाला.

आमच्या भागात जैन समाज मोठा. सल्लेखना, म्हणजे शेवट जवळ आला की अन्नपाणी हळूहळू सोडत मरण स्वीकारायचं व्रत, इथं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, ते मूळचे इकडचेच, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, जुनी माणसं अजून त्यांच्याबद्दल हात जोडून बोलतात. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान हायकोर्टानं सल्लेखनेला आत्महत्या ठरवलं तेव्हा देशभर जैन लोक रस्त्यावर आले, त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली. योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, त्यात मी पडत नाही. पण ते व्रत उभंच कशावर आहे? माणसाला स्वतःला कळलंय की शेवट जवळ आलाय, तो शुद्धीवर आहे आणि स्वतःच्या तोंडानं संकल्प करतोय. आता ज्या आजोबांना तुम्ही सहा महिने "अल्सर आहे, पथ्य पाळा" सांगताय ते कसला संकल्प करणार? घर सगळं धार्मिक, आणि धर्मानं दिलेली सगळ्यात मोठी संधीच काढून घेतलीत तुम्ही त्यांच्याकडनं.

विनोबांचं पण तेच. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला हार्टचा त्रास झाला, त्यांनी अन्न, पाणी, औषध सगळं बंद केलं आणि १५ तारखेला गेले. लोकांनी खूप विनवण्या केल्या, ऐकलं नाही. ते पटो न पटो, माणसाला आपलं काय चाललंय ते पूर्ण माहीत होतं. बुद्धांनी तर तीन महिने आधी स्वतःच भिक्खूंना सांगितलं की आता परिनिर्वाण जवळ आहे. आणि शेवटच्या आजारात आपल्या शिष्याला, आनंदाला बजावलं की ज्याच्या घरचं जेवून हे दुखणं वाढलं त्या चुंदाला कुणी दोष देऊ नका. मला हे फार मोठं वाटतं. मरणारा माणूस मागं राहणाऱ्यांची काळजी घेतोय, पण त्याला ती घ्यायला माहीत तर पाहिजे ना!

मग ही "आशियाई" पद्धत नेमकी कुठली? तर जपान. तिथं हे खरंच इतकं होतं की सम्राट हिरोहितोंचं १९८७ मध्ये पोटाचं ऑपरेशन झालं, कॅन्सर निघाला, आणि त्यांनाच सांगितलं नाही. लोकांना सांगितलं स्वादुपिंडाची जुनी सूज आहे. जानेवारी १९८९ मध्ये ते गेल्यावर कॅन्सर जाहीर झाला. देशाचा सम्राट, आणि स्वतःच्या पोटात काय आहे याची त्याला खबर नाही. आणि आज? त्याच जपानमध्ये बहुतेक पेशंटना डॉक्टर सरळ सांगतात, घरचे शेजारी बसलेले असतात. एका पिढीत बदललं हे, जपानी लोक काय अमेरिकन झाले का? चीनमध्ये अजूनही कायद्यातच फट ठेवली आहे, पेशंटला सांगणं बरं नसेल तर जवळच्या नातेवाइकांना सांगा म्हणून, आणि ती फट चांगली रुंद होते असं दिसतं.

आपला कायदा मात्र या बाबतीत स्पष्ट आहे. २००८ च्या समीरा कोहली निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की सज्ञान, समजूत असलेल्या पेशंटच्या वतीनं आईची संमती चालत नाही. त्या केसमध्ये बाई तपासणीसाठी भुलीखाली होत्या, बाहेर आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकलं. तशी काही इमर्जन्सी नव्हती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. २०१८ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवायचा कागद, मान्य झालं, २०२३ मध्ये त्याची कटकट कमी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यात होतं. पण व्हेंटिलेटर नको हे लिहून ठेवायची वेळ आलीय हेच माहीत नसेल तर तो कागद कुणी करायचा?

"खचतील हो ते." हे सगळ्यात जास्त ऐकतो. काही खचतात, खरं आहे. आणि काहींना खरंच ऐकायचं नसतं, "माझ्या मुलाशी बोला, मला नका सांगू" म्हणणाऱ्या आज्या मी पाहिल्यात, त्यांना बळंच रिपोर्ट वाचून दाखवायची काही गरज नाही. तो त्यांनी स्वतः घेतलेला निर्णय आहे, मग घरच्यांनी खुशाल सगळं बघावं. फक्त एकदा विचारा तरी. आणि बाकीच्यांचं म्हणाल तर किमोला केस गेलेला माणूस ओपीडीत तसल्याच बाकीच्यांच्या रांगेत तासन् तास बसतो, त्याला कळत नाही असं खरंच वाटतं तुम्हाला? तो पण नाटक करतो, तुम्हाला त्रास नको म्हणून.

अजून एक, आणि हे कुणी बोलत नाही. पुरुषाला बहुतेक वेळा सांगतातच, उशिरा का होईना. सह्या लागतात ना! एफडी, सातबारा, वारसनोंद. लपवालपवी जास्त होते ती बायकांशी. हा माझा काउंटरवरचा अंदाज आहे, आकडेवारी मागू नका. तिच्या नावावर काही नाही, मग तिला सांगून करायचंय काय, असा हिशेब कुणी उघड करत नाही पण होतो तसाच. तिला पाटल्या कुठल्या सुनेला द्यायच्या असतील, माहेरच्या भावाशी बोलणं बंद असेल ते मिटवायचं असेल, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

इथल्या डॉक्टर मंडळींना, बरेच जण फ्रेंडलिस्टमध्ये आहात, एकच सांगणं आहे. बायॉप्सीचा रिपोर्ट यायच्या *आधी*, नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवा आणि पेशंटलाच विचारा, रिपोर्ट आला की कुणाला सांगू, तुम्हाला, मुलाला, की दोघांना एकत्र? जे म्हणतील ते केसपेपरवर लिहा आणि खाली त्यांची सही घ्या. मग पार्किंगमध्ये कुणी गाठलं तर तो कागद दाखवा.