‘आरती’ दिसली त्या बॅकएंडवाले साहेबांना उत्तर

मागच्या लेखावर ‘बॅकएंडवाला’ (म्हणजे साइटच्या पडद्यामागचा कोड लिहिणारा) या नावाने एक भलीमोठी प्रतिक्रिया आलीय. लेख ३७सिग्नल्स या कंपनीत काम कसं चालतं त्यावर होता, म्हणजे शिकागोचे बेसकॅम्पवाले (बेसकॅम्प हे टीमचं काम सांभाळायचं सॉफ्टवेअर), आणि रूबी ऑन रेल्स हे वेबसाइट बनवायचं साधन ज्यांच्या घरात जन्मलं ते. ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, मी त्या कंपनीची आरती ओवाळली. दोन, २०२१ मध्ये तिथली एक तृतीयांश माणसं सोडून गेली आणि ग्राहकांच्या नावांची टिंगल करणारी यादी बाहेर आली, ते मी कोपऱ्यात ढकललं. तीन, तिथे कुठेही राहा, पगार सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारातल्या वरच्या दहा टक्क्यांतला, एवढे पैसे दिले की कोणीही शांतपणे काम करेल. आणि चौथं वाक्य जसंच्या तसं, “प्रॉडक्ट कंपनीची नाटकं आहेत ही सगळी, आयुष्यात कधी क्लायंटचा फोन घेतला असतात तर असलं लिहिलं नसतंत.”

आधी भाषेबद्दल बोलतो. मतभेद असतील तर जरूर लिहा, पण आरती, भक्त, नाटकं हे शब्द कशाला? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही, आणि तुम्ही तर नावही झाकून आलाय. माझं नाव, फोटो, ऑफिसचा पत्ता सगळं या ब्लॉगवर आहे. मी उघड्यावर बसून लिहितो आणि तुम्ही पडद्यामागून, तेव्हा निदान सूर तरी नीट ठेवायला काय हरकत होती? असो. एक मान्य करतो, शीर्षकात ‘आदर्श’ हा शब्द होता तो जरा भडक होता, आज काढून टाकलाय. झालं समाधान?

आता तो फोन.

साहेब, मी क्लायंटचे फोन घेतलेत. पुण्यात कोथरूडला दोन खोल्यांच्या एजन्सीत कामाला लागलो तेव्हा डिझायनर मी, एफटीपीवर फायली चढवणारा मी, आणि मालक बाहेर असले की फोन उचलणाराही मीच. क्लासवाले, केटरर, पतसंस्था, बिल्डर. दिवाळीच्या आदल्या रात्री होमपेजवर लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छांचं बॅनर पाहिजे, पणती हललीच पाहिजे, आणि त्यात चेअरमन साहेबांचा फोटो व्हाइस चेअरमनपेक्षा मोठा पाहिजे, हे सगळं मी ऐकलंय आणि केलंय. मग एका मोठ्या कंपनीत गेलो, तिथे अमेरिकेतला क्लायंट, रात्री साडेनऊला स्टँडअप म्हणजे रोजची मीटिंग, त्याची सकाळ म्हणजे आपलं जेवण गार. दिवसभर ऑफिसमध्ये बसायचंच वर रात्री कॉल, आणि टाइमशीटमध्ये मात्र आठच तास भरायचे कारण क्लायंटला बिल तेवढंच लावलेलं. मुलगी लहान होती तेव्हा ती मला म्यूटवर असतानाच बोलायची, तिला कळायला लागलं होतं की बाबांचा कॉल म्यूट होत नाही तोवर ओठ हलवायचे नाहीत. त्यामुळे कृपा करून फोन कसा असतो ते मला शिकवू नका.

आणि खरा मुद्दा तर पुढेच आहे. तुम्ही ‘प्रॉडक्ट कंपनी’ (म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी) म्हणून जिचा निकाल लावलात ती १९९९ मध्ये वेब डिझाइनची एजन्सी म्हणून सुरू झाली, तुमच्या आमच्यासारखीच, दुसऱ्यांच्या साइट करून देणारी. जेसन फ्राइड आणि त्याचे दोन भागीदार. पहिली साइट म्हणजे नुसता मजकूर, सदतीस मुद्दे, एक चित्र नाही (आपल्याकडे असली साइट घेऊन गेलात तर क्लायंट ॲडव्हान्स परत मागेल). पुढे त्यांनी एक ऑफर काढली होती, तुमच्या साइटचं एक पान घेतो, एका आठवड्यात नवीन करून देतो, अडीच हजार डॉलर, विषय संपला. ही प्रॉडक्ट कंपनीची नाटकं आहेत का? हे शुद्ध सर्व्हिसचं काम आहे, फक्त वेळ आणि किंमत आधी ठोकून ठेवलेली.

बेसकॅम्प आलं फेब्रुवारी २००४ मध्ये आणि तेही कशातून, तर क्लायंटच्या कामांत ईमेलचा गुंता व्हायला लागला, कोणी काय मंजूर केलं ते सापडेना, म्हणून स्वतःसाठी साधन बनवलं आणि क्लायंटनीच विचारलं की हे काय आहे, आम्हालाही द्या. त्याचा कोड लिहिणारा डेव्हिड हाइनमायर हॅन्सन तेव्हा कोपनहेगनला शिकत होता, शिकागोपासून सात तासांच्या फरकाने, आणि आठवड्याला साधारण दहा तासच देत होता. फ्राइडने ब्लॉगवर पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेचा कसला तरी प्रश्न विचारला होता, त्याला उत्तर पाठवलं म्हणून ओळख झाली. आठवड्याला दहा तास! तेवढ्यात जे बसेल ते करायचं, बाकी सोडून द्यायचं. त्यातूनच जुलै २००४ मध्ये रेल्स वेगळं काढून सगळ्यांना फुकट दिलं. म्हणजे पैसे आणि प्रॉडक्ट आधी आणि शिस्त नंतर असा क्रम नाहीये, एजन्सी असतानाच शिस्त होती. तुमचं पूर्ण वाक्य इथेच उताणं पडतं, पण तुम्ही लेख वाचला असता तर ना, हे सगळं दुसऱ्या परिच्छेदात होतं.

अजून एक. तिथे बरीच वर्षं अशी पद्धत होती की कंपनीतल्या प्रत्येकाने, प्रोग्रामर असो की डिझायनर, पाळीपाळीने ग्राहकांच्या तक्रारींच्या ईमेलना उत्तरं द्यायची. आपल्याकडे किती ठिकाणी बॅकएंडवाला ग्राहकाशी बोलतो हो? तुम्हीच सांगा, नाव तुम्हीच तसं घेतलंय. आपल्याकडे मधे प्रोजेक्ट मॅनेजर, त्याच्यावर डिलिव्हरी मॅनेजर, त्याच्यावर अकाउंटवाला, आणि क्लायंटचा एक वैताग तीन माणसांतून गाळून येईपर्यंत त्याचा ‘अर्जंट, ईओडी’ (आजच्या आज) झालेला असतो.

तिथली सहा आठवड्यांची कामाची सायकल आणि मग दोन आठवडे मोकळे, यालाही तुम्ही ‘चोचले’ म्हणालात. त्यातली खरी गोम सांगतो. तिथे ‘हे करायला किती दिवस लागतील’ असं विचारत नाहीत, ‘याच्यावर आपण किती दिवस घालवायला तयार आहोत’ असं विचारतात, आणि सहा आठवड्यांत झालं नाही तर आपोआप मुदतवाढ मिळत नाही, काम थांबतं. मी कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस काढलं तेव्हा हेच कोटेशनमध्ये घातलं. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्याची साइट, दोन आठवडे, एवढी एवढी पानं, त्यानंतरचा प्रत्येक बदल म्हणजे नवीन कोटेशन. क्लायंटबरोबर व्हॉट्सॲप ग्रुप करत नाही, एकच माणूस आमच्याकडून आणि एकच त्यांच्याकडून, सातनंतर फोन फक्त साइट बंद पडली तरच. लोक हसले. काही क्लायंट गेलेही, एक गूळवाले शेठ तर म्हणाले की पोरं ठेवलीत की जावई? पण जे राहिले ते टिकले, आणि आमच्याकडची पोरं पण टिकली, सहा महिन्यांचा अनुभव घेऊन पुण्याला पळायची ती पळायची थांबली. हे माझ्या डोळ्यासमोर झालंय, तुम्ही नाटक म्हटल्याने ते नाटक होत नाही.

कल्चर म्हणजे कॅरम बोर्ड आणि शुक्रवारचे समोसे नाहीत हो. तुमचा वेळ कोण कोणाला न विचारता उचलू शकतो आणि मालक त्याला आडवा येतो की नाही, माझ्या दृष्टीने एवढाच विषय आहे, आणि अख्खा लेख त्यावरच होता.

आता २०२१. कोपऱ्यात ढकललं म्हणे! एक पूर्ण परिच्छेद होता. २६ एप्रिलला फ्राइडने जाहीर केलं की कंपनीच्या आतल्या बेसकॅम्प अकाउंटवर राजकीय सामाजिक चर्चा बंद, कमिट्या बंद, आणि त्याच आठवड्यात साठच्या आतल्या कंपनीतून वीसेक लोक बाहेर पडले. लिहिलंय मी हे. नावांची यादी वाईटच होती, त्यातली काही नावं आशियाई आणि आफ्रिकी लोकांची होती, माझं आडनाव ऐकून ते किती हसले असते याची मला पूर्ण कल्पना आहे, तरी त्यावरून अख्खी कंपनी मोडीत काढायची असेल तर ती तुमची मर्जी. पण जाणाऱ्यांना काय मिळालं तेही बघा की. तीन वर्षांहून जास्त नोकरी असेल तर सहा महिन्यांपर्यंतचा पगार, कमी असेल तर तीन महिन्यांपर्यंतचा. आमच्या त्या मोठ्या कंपनीत मी राजीनामा दिला तेव्हा नव्वद दिवस नोटिस, रजा नाही, आणि रिलिव्हिंग लेटरसाठी एचआरच्या दारात उभं राहायचं. मग कोणाला नावं ठेवायची आपण?

पगाराचं म्हणाल तर त्या विषयात मी पडत नाही, तो वेगळा लेख होईल आणि तेव्हा तुम्ही परत याल.

बाकी ‘मराठीत लिहिता म्हणून लोक वाहवा करतात’ वगैरे जे खाली लिहिलंत त्याला उत्तर देण्याइतका मोकळा वेळ माझ्याकडे नाही. प्रतिक्रिया काढणार नाही, राहू दे, लोकांना दिसू दे. आणि शेवटचा टोमणा, ‘तुम्ही स्वतः तरी रेल्स वापरता का?’ नाही वापरत. वर्डप्रेस आणि लारावेल, साइट बनवायची दुसरी साधनं, कारण इथल्या क्लायंटला होस्टिंग वर्षाला तीन हजारांच्या वर गेलं की रात्री झोप लागत नाही, आणि मग फोन मलाच येतो.