रोझे वाइनचं लेबल हिब्रूत करायचंय? सोप्पंय!

दिंडोरीकडच्या एखाद्या वायनरीचं काम आलं, वर फ्रेंचमध्ये रोझे आणि खाली हिब्रूत दोन ओळी, तर अजिबात टेन्शन घेऊ नका. आपण नाशिकच्या शालिमारला लग्नपत्रिका करून मोठे झालोय, शेवटी सगळं कर्व्हच (म्हणजे अक्षरांचं नुसतं चित्र) करायचं असतं.

आधी टेक्स्ट जुन्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या जुन्या टेबलात, सेव्ह करा. युनिकोड नको, त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर, मग मजा काय राहिली? जुन्या टेबलात 233 नंबर लॅटिनला रोझेतला रेघवाला ई आणि हिब्रूला योद हे अक्षर, त्यामुळे फाइल चुकीच्या टेबलात उघडली की रोझेच्या शेवटी योद फुकट. तो काढून साधा ई टाका, डोक्यावर सिंगल कोट ठेवा, ग्रुप मारा. झाला फ्रेंच.

आता हिब्रू. हा तुकडा हिब्रू आहे असं सॉफ्टवेअरला चुकूनही सांगू नका, ते बिचारं आपणहून उजवीकडून डावीकडे अशी हिब्रूची दिशा लावून देईल, मग तुमचे चार्जेस कशाचे? अक्षरं हातानेच उलटी करा. एका ओळीत झकास दिसतं, पण लेबल अरुंद निघालं आणि ओळ मोडली की वाक्याची सुरुवात खाली नि शेवट वर, म्हणजे गिऱ्हाइकाने बाटली खालून वर वाचायची. 750 मिलीचं 057 होतं (आकडे हिब्रूतही डावीकडूनच वाचतात, पण असो) आणि कंस एकमेकांकडे पाठ करून बसतात. कुणी म्हणेल नाशिकरोडला छापतात त्या नोटेवर 15 भाषांच्या पट्टीत उर्दू बरोबर उजवीकडून आहे की! असू दे, ते सरकारी काम.

फिनिशिंग मात्र सोडू नका. हिब्रूत वाइन म्हणजे यायिन, दोन योद आणि शेवटी नून, आणि शब्दाच्या शेवटी आलेल्या नूनची दांडी ओळीखाली उतरते. ती तुमच्या डोळ्याला खुपणारच, तेव्हा झूम करून खालचे नोड (आकाराचे बिंदू) सिलेक्ट करा आणि बाकीच्यांच्या लेव्हलला ओढा. नूनचा वाव, म्हणजे दुसरंच अक्षर झालं, वाइनची वाइन राहिली नाही, पण अलाइनमेंट बघा ना काय आलीय!

मग जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. क्लायंट दोन मिनिटांत अंगठा पाठवेल, हिब्रू त्यालाही येत नाही. तो स्क्रीनशॉट तेवढा जपून ठेवा, आणि पूर्ण पेमेंट प्लेट काढायच्या आधीच घ्या.