हिरड्याला पीक म्हणा

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या डोंगरात शेती म्हटलं की बाहेरच्याला भातखाचरं दिसतात. पण घर चालायला वरची वरकस, म्हणजे डोंगरउतारावरची हलकी जमीनही तेवढीच लागते. तिथे नाचणी, वरई, खुरासणी पाळीपाळीने घेतात, मग जमीन काही वर्षं पड ठेवतात. बांधावर आणि उतारावर जी झाडं उभी असतात, ती आपोआप उरलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या राखलेली आहेत.

ऐनाच्या झाडाचंच बघा. हिवाळ्यात शेंडा राखून त्याचे टहाळे तोडतात. ते वाळले की भाताच्या रोपाच्या जागेवर खाली शेण, त्यावर टहाळे, पालापाचोळा, गवत आणि वरून मातीचा पातळ थर पसरून उन्हाळ्यात राब भाजतात. आच हळूहळू खाली उतरते, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. ओरबाडून तोडलं तर झाड खंगतं, हे खरं. बेताने तोडलं की पुन्हा फुटतं.

आणि हिरडा म्हणजे रोख पैसा. उन्हाळ्यात, आत बी धरायच्या आधी कोवळी फळं काढायची, उन्हात टाकायची. वाळून काळी, टणक झाली की तो बाळहिरडा. भात घरात खायला जातो. पेरणीच्या तोंडावर बियाणं, किराणा, मुलांच्या वह्या यांना पैसा देतो तो हा बाळहिरडा. इथल्या कित्येक महादेव कोळी आदिवासी कुटुंबांचा वर्षाचा मेळ त्यावरच बसतो.

1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत हिरडा, ऐन, किंजळ ही सगळी झाडं आहेत. म्हणजे स्वतःच्या मालकीचं झाड तोडायचं तर परवानगी लागते. असू दे, ते मला मान्य आहे. पण जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने हेच हिरडे मुळासकट लोळवले, तेव्हा भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. तोडताना झाडाची दखल घेणारं सरकार ते पडल्यावर कुठे जातं? हिरड्याचं नवं झाड हाताशी यायला किती वर्षं लागतात, हे कुणाला सांगायला हवं का?

2023 साली भरडधान्यांचं वर्ष म्हणून शहरात नाचणीचं फार कौतुक झालं. ती पिकवणारा उतार आणि त्यावरची झाडं कुणाच्या बोलण्यात आली नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. सातबाऱ्यावर हिरड्याची झाडं मोजून लावा. पंचनाम्यात त्यांचा स्वतंत्र रकाना ठेवा. आणि बाळहिरड्याचा खरेदीभाव माल घरात यायच्या आधी जाहीर करा, व्यापाऱ्याच्या दारात उभं राहिल्यावर नको.