वायर आणि कसाई

माझा शर्यतींचा मोसम कॅलेंडरवर सुरू होत नाही, शेजारच्या आजींच्या नजरेत होतो. फेब्रुवारीतल्या एका सकाळी प्लास्टिक-डब्यांच्या कचऱ्याची निळी पिशवी ठेवायला मी अर्ध्या चड्डीत फाटकाशी जातो. आजी त्यांची पिशवी घेऊन आलेल्या असतात. त्या माझ्या तोंडाकडे बघतच नाहीत, थेट पोटऱ्यांकडे बघतात. बाजारात बैल बघतात तसं. मग म्हणतात, "हिवाळा चांगला गेलेला दिसतोय."

पहिल्या वर्षी मी ह्यावर "हो, मजेत" म्हणालो होतो. वाक्याचा खरा अर्थ कळायला पुढचा फेब्रुवारी उजाडला.

मी राहतो तो भाग बेल्जियममधला, फ्लँडर्स. आलो नोकरीसाठी, आणि हौशी लोकांच्या गटात शर्यती मारायला लागलो. दुसऱ्या कुठल्याही देशात "मी सायकल रेसिंग करतो" म्हटलं की लोक जरा कौतुकानं बघतात. इथं न्हावी कात्री थांबवून विचारतो, "कितवा येतोस?" ह्या मंडळींनी १९१३ पासून टूर ऑफ फ्लँडर्स भरवलेली आहे, सायकलिंगचा सम्राट एडी मर्क्स ह्यांच्याच देशातला. म्हणजे आपण सूर्यापुढे काजवा तर आहोतच, पण बॅटरी उतरलेला काजवा.

तर ऑक्टोबरमध्ये मोसम संपतो आणि मी सायकलला "जरा विश्रांती" देतो. नोव्हेंबरमध्ये ती विश्रांती मलाही लागते. डिसेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो आणि पाऊस तर थांबतच नाही, तेव्हा घरातल्या ट्रेनरवर बसायचं ठरतं. ट्रेनर ही मोठी गमतीदार वस्तू आहे. माणूस तासभर पेडल मारतो, तेवढाच घाम गाळतो, आणि समोरची भिंत आहे तिथंच असते. जानेवारीअखेर एफटीपीची परीक्षा असते. वीस मिनिटं जीव तोडून पेडल मारायचं आणि जी सरासरी वॅट येईल तिचे ९५ टक्के म्हणजे आपली तासाभराची ताकद, असा तो हिशेब. पाच टक्के कापतात हा त्यांचा चांगुलपणा, कारण पुढची चाळीस मिनिटं मी लादीवर आडवा होतो. ऑक्टोबरात २६२ होते. आता २२८. वजनात मात्र पाच किलोंची भर, म्हणजे जे कमवायचं ते घालवलं आणि जे घालवायचं ते कमावलं. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी नको असा यूसीआयचा, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेचा, नियम आहे. स्वाराला वरची मर्यादा घातलेली नाही, हे त्यांचे माझ्यावर उपकार.

परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, रक्तदाब बघितला, मग हळूच पोटऱ्या दाबून पाहिल्या. ती तपासणी फॉर्मवर नव्हती.

पाय भादरणं हा मोसमातला पहिला खरा संस्कार. लोक विचारतात, का? पडल्यावर जखम धुता येते, पट्टी ओढून काढताना केसांबरोबर जीव जात नाही, मालिश नीट होतं. शिवाय २०१४ साली स्पेशलाइज्ड ह्या सायकल कंपनीच्या पवनबोगद्यात तपासून बघितलं तेव्हा ४० किलोमीटरमागे मिनिटभर वाचतं असं निघालं. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ इतकाच की मी पेलोटॉनमधून, म्हणजे मुख्य घोळक्यातून, एक मिनिट उशिरा सुटतो. पण संस्कार तो संस्कार.

चार महिन्यांचं रान असतं. आधी मशीन फिरवायचं, ते दोन मिनिटांत गरम होऊन रडायला लागतं. मग टबाच्या काठावर पाय ठेवून वस्तरा. घोट्यामागची खाच आणि गुडघ्याची वाटी ह्या दोन जागा देवानं वस्तऱ्याचा विचार न करता घडवलेल्या आहेत. डावा पाय झाला, तोवर टबाचं तोंड तुंबलं. ते मोकळं करतोय तोच दाराची घंटा. टॉवेल गुंडाळून दार उघडलं तर आजी, हातात माझं पार्सल. माझा एक पाय पुतळ्याचा, एक अस्वलाचा. आजींनी दोन्ही नीट निरखले.

"डावा बरा दिसतोय," म्हणाल्या आणि गेल्या.

मग खोगीर, चेन, ब्रेकचे पॅड, टायर, ह्यात एक शनिवार. चेन बदलली तर मागच्या चकत्याही घसरायला लागल्या, म्हणून त्याही बदलल्या. आधीच्या वर्षी हेच झालं होतं. बिब शॉर्ट्सबद्दल, म्हणजे शर्यतीच्या घट्ट चड्डीबद्दल, मी काही बोलणार नाही. हिवाळ्यात कपाटात ठेवलेलं कापड आपोआप आटतं, ह्यावर माझी श्रद्धा आहे.

आता रस्त्यावर उतरायचं. इथल्या टेकड्यांवर दगडी फरसबंदीचे जुने रस्ते आहेत. त्यातल्या एका दगडाला फ्लेमिशमध्ये जो शब्द आहे, तो कानाला हुबेहूब 'कसाई' लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पुढे खाटिकखाना असेल. असतोच. औडेनार्डेजवळचा कोपेनबर्ग घ्या. लांबी जेमतेम सहाशे मीटर, सर्वांत उभ्या जागी चढ बावीस टक्के, आणि दगड असे की दोन दगडांमधल्या फटीत टायर अडकून बसावं. फेब्रुवारीत त्यावर शेतातला चिखल आणि शेवाळ. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक गरागरा फिरतं, बसून मारलं की पुढचं चाक उचलतं. मधली एक स्थिती आहे, खोगिराच्या टोकावर पार्श्वभाग टेकवून नाक हँडलला लावायची, पण ती पाच किलोंच्या भरीमुळे मला सध्या जमत नाही.

१९८७ च्या टूर ऑफ फ्लँडर्समध्ये डेन्मार्कचा जेस्पर स्किबी एकटा पुढे निघालेला असताना ह्याच चढावर पडला, आणि मागून येणारी शर्यतीच्या अधिकाऱ्यांची गाडी त्याच्या सायकलवरून पुढे गेली. त्यानंतर कोपेनबर्गच शर्यतीतून काढून टाकला, तो २००२ मध्ये परत आला. स्किबीही परदेशीच, म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे. फक्त तो पडला तर टेकडीला शिक्षा झाली. मी पडलो तर टेकडी आहे तिथंच राहील.

आणि पडलोच. म्हणजे पडलो असं नाही, थांबलो. पण बुटाच्या तळाची खुंटी, म्हणजे क्लीट, पेडलमधून सुटायच्या आत थांबलं की माणूस आडवा होतो, अगदी सावकाश, कापलेल्या झाडासारखा. मागे ट्रॅक्टर होता. शेतकऱ्यानं इंजिन बंद केलं आणि शांतपणे बसून राहिला, त्याच्या आयुष्यात हा प्रसंग बऱ्याचदा आलेला असावा. मी सायकल खांद्यावर घेऊन कडेला झालो. जाताना त्यानं एकच शब्द उच्चारला, "गिअर." बदलायची खूण केली ती बोटांनी.

आईचा फोन त्याच संध्याकाळी आला. "अरे, गिअरची सायकल आहे ना तुझी? मग चढ कसला लागतो?" आईला आणि ट्रॅक्टरवाल्याला एकाच दिवशी एकच मुद्दा सुचावा, ह्याला काय म्हणणार?

फेब्रुवारीच्या शेवटी, कधी मार्चच्या पहिल्याच दिवशी, ओमलोप ही शर्यत होते आणि इथल्या लोकांचा हिवाळा अधिकृतपणे संपतो. शनिवारी ओमलोप, रविवारी कूर्ने-ब्रसेल्स-कूर्ने. आजी मला टीव्ही बघायला बोलावतात. मी मनातल्या मनात बर्फ पडू दे म्हणतो. हे उगाच नाही. २००४ ची ओमलोप बर्फामुळे रद्द झाली होती, २०१३ ची कूर्ने तशीच गेली. थोरामोठ्यांची होते तर आमची का नाही? पण ह्या वर्षी ऊन पडलं. आजी पडद्यावरच्या एकेकाच्या पोटऱ्या बघून शेरे देत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघून गप्प होत होत्या.

पुढच्या रविवारी माझी शर्यत. इथं गावोगावी जत्रेच्या निमित्तानं शर्यती होतात, त्यांना केर्मिस म्हणतात. चर्चभोवती गाव, गावाभोवती शेतं, त्यांतून सात किलोमीटरचं वर्तुळ, आमच्या गटाला दहा फेऱ्या. नंबर मिळतो कॅफेत. सकाळी दहाला आत शिरलं की एका टेबलावर बिअर पिणारे आजोबा आणि दुसऱ्या टेबलावर पाठीचे नंबर, दोन्हींकडे सारखीच गर्दी.

नंबर लावायला चार सेफ्टी पिना मिळतात. थंडीनं बोटं पेन्सिलीसारखी झालेली, कापड ताणलेलं, नंबर पाठीवर, आणि हात दोनच. एक पिन मी आतल्या बनियनलाही टोचली, एक स्वतःला. शेजारच्या पोरानं न विचारता माझा नंबर सोडवला, ताणून पुन्हा लावला, कडा फडफडू नयेत म्हणून तळहातानं दाबल्या. एकवीस-बावीस वर्षांचा असेल, वरच्या गटात धावणारा. "काका, वारा आहे आज," म्हणाला. काका असं तो म्हणाला नाही अर्थात, पण त्याच्या सुरात काकाच होता.

आता 'वायर'ची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. वारा समोरून आला की पुढच्याच्या मागे दडायचं, सोपं आहे. वारा बाजूनं आला की आडोसाही तिरका पडतो, मग स्वार रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पंख्यासारखी तिरकी रांग धरतात. पंखा म्हणूनच फ्लेमिशमध्ये तिला जो शब्द आहे, तो ऐकू येतो 'वायर'. रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतात तेवढेच पंख्यात. बाकीचे कडेच्या गटाराला लागून एकामागे एक, भर वाऱ्यात. माझ्या पहिल्या शर्यतीत कुणीतरी ओरडलं, "वायर!" मी घाबरून वर बघितलं. विजेची तार कुठं लोंबतेय ते शोधत होतो. मान खाली केली तोवर शर्यत दोनशे मीटर पुढे गेली होती.

ह्या वर्षी शब्द पाठ होता. शिट्टी झाली. पहिल्या दोन फेऱ्या मी छान टिकलो, म्हणजे शेपटीला. शेपटीचं दुखणं असं की पुढचे वळणावर थोडा ब्रेक लावतात, मधले जास्त, आणि शेपूट जवळजवळ थांबते. मग वळणानंतर पुढचे सहज निघतात आणि शेपटीला जिवाच्या आकांतानं पळावं लागतं. फेरीला नऊ वळणं. रस्ता काँक्रीटच्या लाद्यांचा, प्रत्येक सांध्यावर टक्-टक्, टक्-टक्, जणू कुणी पाठीमागून आठवण करून देतंय. चौथ्या फेरीत मी अजून आहे हे बघून मलाच संशय आला. पाचव्या फेरीत चक्क मला वाटलं, जमतंय.

सहावी फेरी. चर्चचं वळण, पलीकडे नांगरलेली उघडी शेतं, डावीकडून वारा. "वायर!"

मी वर बघितलं नाही. मी तरबेज माणसासारखा उजवीकडे सरकलो, पंख्यात शिरायला. पंख्यात सोळा जण होते. सतराव्याला जागा नव्हती, आणि मी पासष्टावा तरी असेन. पुढच्याचं चाक अर्ध्या हातावर, मग एका हातावर, मग सायकलभर अंतरावर. त्या एवढ्याशा फटीत अख्ख्या युरोपचा वारा घुसतो. एकदा जोर लावला, फट भरत आली. दुसऱ्यांदा लावला, तेवढीच राहिली. तिसऱ्यांदा लावायला पाय बोलावले, पाय आले नाहीत. पाठीमागून शर्यतीची गाडी हळूच बाजूनं गेली. माझ्या अंगावरून नाही, एवढं बरं.

त्यानंतर वरातीमागून घोडं. एकट्यानं फेरी पुरी करून गावात शिरलो. टाळ्या वाजल्या, त्या दयेच्या असल्या तरी खणखणीत होत्या. पंचांनी शिट्टी मारून बाहेर काढलं. कॅफेत नंबर परत केला, टेबलामागच्या बाईंनी सहाच्या आकड्यापुढे खूण केली. घरी जाताना वारा पाठीशी होता. बेचाळीसच्या वेगानं, एका हातानं केळं खात, मी स्वतःला पुन्हा रेसर वाटायला लागलो.

दुसऱ्या दिवशी निळ्या पिशव्यांचा वार. आजी उभ्या होत्या.

"किती फेऱ्या?"

"सहा."

"मागच्या वर्षी चार होत्या." मला आठवत नव्हतं, त्यांना आठवत होतं. "चर्चच्या वळणाला कितवा होतास?"

"साठ… पासष्ट."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवीचं तोंड उगाच पुन्हा बांधलं.

"वळणाआधी पहिल्या पंधरांत. नंतर नव्हे. आधी. पुढच्या रविवारी कुठं आहे?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे बारीक केले, तो रस्ता मनातल्या मनात एकदा फिरून आल्या. "तिथं स्मशानाच्या भिंतीला लागून वळण आहे. भिंत संपली की वारा उजवीकडून," म्हणाल्या आणि आत गेल्या.

उजवीकडून वारा, म्हणजे पंख्याचं टोक उजव्या कडेला, म्हणजे गटार डावीकडे, म्हणजे मी आत शिरायचं ते… मी फाटकाशी दोन्ही हात हवेत धरून हिशेब करत राहिलो. अर्ध्या चड्डीत, चार अंश तापमानात. समोरच्या घरातून कचरा ठेवायला आलेल्या गृहस्थांनी माझ्या हातांकडे बघितलंच नाही. पोटऱ्यांकडे बघितलं.