'३२ जीबी रॅमशिवाय गाणं होत नाही' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

संगीत करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: म्युझिक प्रॉडक्शनला किमान ३२ जीबी रॅम लागतेच, त्याखालचा लॅपटॉप म्हणजे पैसे पाण्यात. गाण्यात क्लिक-पॉप (मध्येच टक्-फट् असे आवाज) आले की समजायचं, रॅम संपली. सगळे आवाज रॅममध्येच लोड करा, डिस्कवरून काही वाजवू नका. पेजफाइल (रॅम भरली की विंडोज वापरते ती डिस्कवरची फाइल) बंद करा, रॅम क्लीनर टाका. तरीही भागलं नाही तर ट्रॅक फ्रीझ करा (तयार ऑडिओत बदलून ठेवा), रॅम मोकळी होते.

हे वाचून नवी मुलं हप्त्यावर लॅपटॉप घ्यायला निघतात, म्हणून एकेक दावा घेतो.

'३२ जीबी लागतेच.' कशाला लागते? पाच मिनिटांचं गाणं घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. एका ट्रॅकला सुमारे ४३ एमबी. गायक, कोरस, ढोलकी, टाळ, हार्मोनियम मिळून तीस ट्रॅक धरले तरी १.३ जीबी. आणि हेही एकदम रॅममध्ये जात नाही. रीपर, क्यूबेस, लॉजिक यांसारखे डीएडब्ल्यू (गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायची सॉफ्टवेअर) ऑडिओ ट्रॅक डिस्कवरून तुकड्यातुकड्याने वाचतात. म्हणजे ज्याचं काम मुख्यतः माइकवर रेकॉर्ड करून मिक्स करायचं आहे, त्याची रॅम ऑडिओने भरत नाही.

अपवाद आहे, आणि तो आपल्याकडच्या डीजे मंडळींना लागू पडतो. एफएल स्टुडिओ हा डीएडब्ल्यू ऑडिओ क्लिप मुळात मेमरीत घेतो. लांबलचक फायली टाकून रीमिक्स करणाऱ्याची रॅम तिथे फुगते. चॅनेलच्या सेटिंगमध्ये 'कीप ऑन डिस्क' अशी खूण असते, ती करा. आणि तानपुऱ्याची अख्खी पाच मिनिटांची फाइल टाकण्यापेक्षा नीट कापलेलं एक आवर्तन लूप करा.

'क्लिक-पॉप म्हणजे रॅम संपली.' सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. बफर (प्रोसेसर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते माप) १२८ सॅम्पलवर ठेवला की ४८ किलोहर्ट्झला प्रोसेसरच्या हातात दर वेळी जेमतेम २.७ मिलिसेकंद असतात. तेवढ्यात सगळ्या प्लगिनांचं (डीएडब्ल्यूत जोडलेल्या वाद्यांचं, इफेक्टांचं) गणित उरकलं नाही की आवाज तुटतो. कारण बहुतेक वेळा प्रोसेसर. नाहीतर एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) मध्येच घुसतो, वायफायचा ड्रायव्हर यात बदनाम आहे. अशा वेळी रॅमची पट्टी घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. रेकॉर्डिंग झाल्यावर मिक्सला बफर १०२४ करा, विंडोजवर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवून कोणता ड्रायव्हर वेळ खातोय ते बघा. दोन्ही फुकट.

रॅममुळे क्लिक कधीच येत नाही असं मात्र नाही. रॅम खरोखर भरली की सिस्टीम काही भाग डिस्कवर ढकलते. प्लगिनला तोच भाग हवा झाला तर तो डिस्कवरून परत आणावा लागतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कला एवढ्या कामाला दहा-एक मिलिसेकंद लागतात, आणि आपल्याकडे होते २.७. हे घडतंय का ते विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये 'हार्ड फॉल्ट्स'च्या आकड्यावरून कळतं. गाणं वाजत असताना तो सारखा उसळत असेल तर रॅमचा प्रश्न आहे. शांत असेल तर नाही. मॅकवर 'मेमरी प्रेशर'चा आलेख हिरवा आहे की पिवळा-लाल, तेवढं बघा. 'मोकळी रॅम किती' हा आकडा तिथे फसवा असतो, कारण रिकामी जागा मॅक फायलींच्या कॅशसाठी वापरून टाकतो.

'सगळे आवाज रॅममध्येच लोड करा.' हा सल्ला पंचवीस वर्षं जुना झाला. १९९८ च्या गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरने दाखवून दिलं की प्रत्येक सॅम्पलची (वाद्याच्या एकेका स्वराच्या रेकॉर्डिंगची) फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवायची, पट्टी दाबली की ती लगेच वाजते, आणि तेवढ्या वेळात उरलेला आवाज डिस्कवरून येतो. कॉन्टॅक्ट हा सॅम्पलरही असाच चालतो. त्यात प्रत्येक सॅम्पलचा साधारण ६० केबीचा तुकडा आधी लोड होतो.

आता पियानो घ्या. ८८ पट्ट्या, प्रत्येकीला जोरानुसार १६ थर, म्हणजे १४०८ सॅम्पल, म्हणजे सुमारे ८४ एमबी. पेडलचे वेगळे, पट्टी सोडतानाचे वेगळे, तीन माइकचे तिप्पट. रॅम इथे जाते! लायब्ररी एसएसडीवर असेल तर हा तुकडा १२ केबीपर्यंत खाली आणून बघा. वर काढलेले ८४ एमबी १७ वर येतात. आवाज अडखळला तर थोडा वाढवा. न वापरलेले माइक बंद करा.

त्याहून मोठी बचत कॉन्टॅक्टच्या 'पर्ज'मध्ये (न लागणारे सॅम्पल मेमरीतून काढण्यात) आहे, आणि आश्चर्य म्हणजे ती वापरणारे फार थोडे. इन्स्ट्रुमेंटवर 'रीसेट मार्कर्स' करा, गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा वाजवा, मग 'अपडेट सॅम्पल पूल'. जे स्वर गाण्यात वाजलेच नाहीत ते मेमरीतून जातात. आपल्या गाण्यातली व्हायोलिनची ओळ दीड सप्तकात फिरते, बाकीचं कशाला धरून बसायचं?

(१९८७ च्या एसपी-१२०० सॅम्पलरमध्ये एकूण दहा सेकंदांची जागा होती. लोक ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून सॅम्पल घेत आणि मशीनमध्ये स्वर खाली उतरवत, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त मावायचं. त्यातून आलेला खरखरीत आवाज आज लोक मुद्दाम प्लगिन घेऊन आणतात.)

'पेजफाइल बंद, रॅम क्लीनर चालू.' दोन्ही उलटं काम करतात. पेजफाइल काढली की विंडोज प्रोग्रामांना देऊ शकते त्या एकूण मेमरीची मर्यादाच खाली येते; मोठी लायब्ररी लोड होताना डीएडब्ल्यू थेट बंद पडू शकतो, सेव्ह न केलेल्या कामासकट. आणि क्लीनर चालू प्रोग्रामांची पानं रॅममधून हुसकून लावतो, जी पुढच्याच क्षणी परत आणावी लागतात. आकडा छान दिसतो, गाणं तुटतं.

'फ्रीझ केलं की रॅम मोकळी.' प्रोसेसर मोकळा होतो हे खरं. रॅमचं सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. रीपर फ्रीझ करताना प्लगिन ऑफलाइन करतो. क्यूबेसमध्ये इन्स्ट्रुमेंट अनलोड करण्याची वेगळी खूण आहे, ती राहिली तर सॅम्पल मेमरीत तसेच. खात्रीचा उपाय म्हणजे ट्रॅकचा ऑडिओ काढून घ्या, मिडी (कोणता स्वर कधी वाजवायचा याची नोंद) जपून ठेवा आणि इन्स्ट्रुमेंट काढून टाका.

मेसेजमध्ये एक गोष्ट नाहीच, आणि ती असायला हवी होती. जुने ३२-बिट डीएडब्ल्यू अजूनही बऱ्याच मशीनवर चालतात. ३२-बिट प्रोग्रामला ४ जीबीच्या पलीकडची मेमरी दिसतच नाही, कित्येकदा २ जीबीवरच तो अडतो. तिथे ६४ जीबी बसवली तरी 'आउट ऑफ मेमरी' तसंच येणार.

बरं, ३२ किंवा ६४ जीबी कोणाला लागते? सिनेमाचं पार्श्वसंगीत करणारे, अख्खा वाद्यवृंद टेम्प्लेटमध्ये उघडा ठेवून बसणारे, त्यांना. ते तर व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो वापरून ओझं दुसऱ्या कॉम्प्युटरवरही टाकतात. भजन, लावणी, जाहिरातीची जिंगल करणाऱ्याला १६ जीबी आणि एसएसडी पुरते. ८ जीबीवरही होतं, फक्त ब्राउझर बंद ठेवायचा आणि वर सांगितलेलं पर्ज करायचं.

घेताना एवढंच बघा की रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का. ॲपल सिलिकॉनच्या मॅकबुकमध्ये आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती नंतर वाढवता येत नाही, तिथे ८ वर थांबू नका. स्लॉट असेल तर आज १६ घ्या, गरज पडली तर पुढे वाढवा. मात्र दुकानात जाण्याआधी आपली रॅमची पट्टी डीडीआर४ आहे की डीडीआर५ ते बघून जा, एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही.